कोपऱ्यातला मोथा

मोथा ज्याच्या वाडीत शिरला नाही, त्याला मोथ्याचं दुःख सांगण्यात अर्थ नाही. तो म्हणणार, गवतच ना, उपटून टाक! उपटणाऱ्याच्या हातात पात येते, गाठ जमिनीतच राहते, आणि आठ दिवसांनी एका पातीच्या जागी चार पाती छाती काढून उभ्या. वर दिसतो तो मोथा नव्हेच. खरा मोथा खाली असतो. काळी गाठ, गाठीला दोरा, दोऱ्याला पुढली गाठ, अशी माळ दीड हात खोल गेलेली. तिच्यातला एक मणी राहिला तरी येत्या पावसाळ्यात सगळी माळ पुन्हा ओवून तयार.

मनकर्णाला हे पाठ झालं होतं. पाठ होऊनही त्याचा काय उपयोग झाला, तेवढंच सांगायचं आहे.

गोंडपिपरीपासून दोन कोसांवर, नाल्याच्या वळणाशी तिचं गाव. नवरा मुखरू, धानाच्या दोन बांध्या, एक बैलजोडी आणि घरामागं सांदवाडी. सांदवाडी म्हणजे घराच्या पाठीशी कुडानं घेरलेला भाजीपाल्याचा तुकडा. तिकडं घरोघरी असतो. पण मनकर्णाची सांदवाडी चांगली पाव एकराची होती, आणि तिच्यातली वांगी बाजारात तिच्या नावानं खपायची. लोक टोपलीवरचं फडकं उचलायच्या आधी विचारायचे, "मनकर्णाबाईचीच हायेत ना?" बांध्यांतलं धान सहा महिने पुरायचं, उरलेलं वर्ष वांगी ओढून न्यायची. बाईचा हातच मातीचा होता. वाफ्यात बोटं घातली की इथली माती कधी खोदली, किती खोल खोदली, पाणी कुठवर उतरलं, हे ती न पाहता सांगायची. शेजारची म्हातारी भागीरथा थट्टा करायची, "या पोरीचे डोये बोटायले हायेत."

अशा बाईच्या वाडीत मोथा आला. कुणी म्हणे शेणखतातून आला, कुणी म्हणे पाहुण्यांच्या बैलांच्या खुरांतून. पहिल्या वर्षी चार पाती, दुसऱ्या वर्षी चार वाफे. तिसऱ्या वर्षी, छप्पन साली, नागपूरचं राज्य मोडलं आणि चांदा जिल्हा मुंबईकडं गेला, पाटलाकडं नव्या शिक्क्याचे कागद आले. मोथ्यानं त्याची दखल घेतली नाही, तो कुडापर्यंत पोचला. वांग्याची रोपं त्याच्यात पिवळी पडून उभी राहायची, फळ धरायचं ते लिंबाएवढं आणि आत किडकं. बाजारातल्या बायका फडकं उचलून पुन्हा झाकून ठेवायला लागल्या. मनकर्णाला त्याची लाज वाटायची, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटायची.

भीतीचं कारण सांदवाडीच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात होतं. तिथं सीताफळाखाली तीन चपटे दगड होते. मनकर्णाची तीन लेकरं. पहिली मुलगी नऊ दिवस जगली, मधला मुलगा एक रात्र, आणि धाकटी बावीस दिवसांची होऊन, अंगठा धरायला शिकून गेली. पुरायला पुरुष जातात. बाळंतीण खोलीबाहेर पडत नाही, तिला काही दाखवत नाहीत. मनकर्णा बाहेर आली तेव्हा दर वेळी तिला नवी उकरलेली माती दिसली आणि तिच्यावर एक नवा दगड दिसला.

तिचं माहेर धानोऱ्याकडचं. तिच्या आईकडं अशी समजूत होती की आवारात ठेवलेलं लेकरू वाट विसरत नाही, फिरून त्याच कुशीत येतं. म्हणून पहिलीच्या वेळी तिनं तापात मुखरूचा हात धरून मागणं मागितलं होतं, की पोरीला वाडीतच ठेवा. सासूला हे मुळीच मान्य नव्हतं. पण मुखरूनं आईचं न ऐकता बायकोचं ऐकलं, या एका गोष्टीसाठी मनकर्णानं त्याला जन्मभराचं सगळं माफ केलं होतं. त्याचा तिरसटपणा, त्याचं आठ-आठ दिवस न बोलणं, सगळं. सासू पुढं वारली. मनकर्णा दर सणाला दगड धुवायची, पानावर घास ठेवायची. त्या मातीला मात्र तिनं कधी हात लावला नाही. ती आता तेहतीस वर्षांची होती आणि तिच्या हिशेबानं अजून वेळ गेलेली नव्हती. ती या आवारात राहिली तरच येणारं लेकरू येणार होतं.

आणि मोथा तिथंही गेलाच होता. तिथं तर तो सुखात होता.

दिवाळीनंतर एके दिवशी मुखरू जेवताना म्हणाला, "पत्रूचा सांगावा आला. माजरीले खानीवर मानसं घेऊन राह्यले. खोली भेटते." पत्रू त्याचा चुलतभाऊ, दोन वर्षांपासून माजरीच्या कोळशाच्या खाणीवर होता.

मनकर्णाचा हात भातातच थांबला. "अन घर?"

"घर काय खाऊन राह्यलो आपन? वांगी लावता आली तं राहू. उन्हाळाभर पाहू. नाई आली तं मिरगाले जाऊ."

इतकं स्पष्ट मुखरू वर्षातून एकदाच बोलायचा. मनकर्णाला कळलं की आपल्याजवळ आता सात महिने आहेत. सात महिन्यांत मोथा जाईल, नाहीतर आपण जाऊ.

मग ती त्या गवताच्या मागं लागली. भागीरथानं सांगितलं, उकळतं पाणी टाक. मनकर्णानं चुलीवर हंडे चढवले आणि धानाच्या पेजेपासून साध्या पाण्यापर्यंत जे उकळेल ते वाफ्यांवर ओतलं. पाती शिजून आडव्या झाल्या. दोन दिवस वाडीला उकडलेल्या भाजीचा वास येत होता, आणि दहाव्या दिवशी सगळं पुन्हा हिरवं. जमिनीच्या पोटात गाठीला त्या पाण्याची ऊबसुद्धा लागली नसेल. कुणी म्हणालं राख घाल. घरोघरची राख मागून आणून तिनं घातली, तर मोथ्याला ती मानवली. इतका गडद हिरवा तो आधी कधी झाला नव्हता. चुन्यानं तिच्याच बोटांना भेगा पडल्या. मोहाच्या टोरीची, म्हणजे बियांची, ढेप कुटून मातीत मिसळली, तर मोथा तसाच, गांडुळं तेवढी मेली.

शेवटी मीठ. खड्याचं मीठ पाण्यात घोळून तिनं विहिरीजवळच्या दोन वाफ्यांत दिलं. मोथा खरंच पिवळा पडला. पंधरा दिवस तो पिवळा होता, आणि त्या पंधरा दिवसांत मनकर्णा सकाळ-संध्याकाळ जाऊन बघायची, एखाद्या आजाऱ्याला बरं वाटतंय का ते बघावं तशी; फक्त तिला हा आजारी मरायला हवा होता. भागीरथा कुडापलीकडून ओरडली, "अवो, जमिनीले मीठ घालून राह्यली काय? जमीन बसते मंग!" सोळाव्या दिवशी त्या वाफ्यांत हिरवी टोकं निघाली. वांग्याची रोपं लावून पाहिली, ती मात्र तिसऱ्या दिवशी कोमेजली. मिठानं मोथा मेला नाही, वाफे तेवढे मेले. त्या दिवशी मनकर्णा विहिरीच्या काठावर बसून रडली. रागानं रडली, दुःखाचं रडणं तिनं कधीच संपवलं होतं.

थोडं यश आलं ते तणसानं, धानाच्या वाळल्या काडानं. मोथ्याला सावली सोसत नाही, हे तिनं स्वतःच ताडलं होतं. बांध्यांवरचं तणस आणि त्याच्याखाली पळसाची पानं असा वीतभर थर तिनं अर्ध्या वाडीवर दाबला, आणि उरलेल्या अर्ध्यात बरबटी, म्हणजे चवळी, इतकी दाट पेरली की खाली ऊन पोचू नये. मोथ्याचं टोक सुईसारखं, त्यानं पानं भोसकलीच. पण वर आलेली पात पांढुरकी, मरतुकडी होती, आणि ओल्या तणसाखालच्या भुसभुशीत मातीतून गाठीसकट उपसून यायची. मग चैत्र-वैशाखात तिनं सगळी वाडी खोदली. दीड हात खोल, ढेकूळ न् ढेकूळ फोडून, गाठी वेचून. मुखरूनं लोखंडी सब्बल चालवली, तिनं बोटांनी माती चाळली. वेचलेल्या गाठी पत्र्यावर वाळत घातल्या आणि जाळल्या. वैशाखाच्या उन्हात उघडी पडलेली ती माती पाहून भागीरथा म्हणाली, "आता काय करते तो मोथा!"

सगळी वाडी खोदली होती. कोपरा सोडून.

वळवाच्या दोन सरी पडल्या आणि नवव्या दिवशी मनकर्णाला ती रेघ दिसली. सीताफळाखालून निघालेली, बोटाएवढ्या हिरव्या टोकांची. रोज हातभर पुढं येणारी. वाडीत दुसरीकडं कुठंही एक पात नव्हती. शेंबड्या पोरालाही कळलं असतं की मोथा कुठून येतोय.

"तो कोपरा खोदून टाक," मुखरू म्हणाला. म्हणताना तो बैलाच्या दाव्याकडं बघत होता. त्या कोपऱ्याकडं तो कधीच बघायचा नाही. मनकर्णाला वाटायचं, बापाचं काळीज, त्याला बघवत नसेल.

भागीरथाही म्हणाली, "खोद व मनकर्णे, काई नाई होत. तिथी काई..." आणि मध्येच थांबून तिनं पदर तोंडाला लावला.

त्याच आठवड्यात सुकरी आली. जंगलातल्या गावची गोंडीण. उन्हाळ्यात चारोळीची चारं, पावसाळ्यात बांबूचे कोंब घेऊन यायची आणि मनकर्णाच्या पडवीत पाणी प्यायची. तिनं वाडी पाहिली आणि हसली. "बाई, येवढी मेहनत कायले? आमच्या गावात मोथा राहत नाई. डुकरं त्याले ठेवत नाईत. गाठी उकरू उकरू खातेत. दोन डुकरीनी आनून देतो, आठ दिवस सोड वाडीत."

मुखरूचा चेहरा उजळला. "आन, आन," तो म्हणाला.

"नाई," मनकर्णा म्हणाली. "तिथी माही लेकरं हायेत. त्यायच्यावर डुकराचं तोंड?"

सुकरीचं हसू गेलं. तिनं कोपऱ्याकडं पाहिलं, दगड मोजले. "आमी मोहाखाली ठेवतो," ती हळूच म्हणाली. "माहा एक हाये तिथी." मग टोपली डोक्यावर घेत म्हणाली, "मंग नको सोडू, बाई."

मुखरू उठून बाहेर निघून गेला.

रोपं लावायचे दिवस आले होते. आता लावली नाहीत तर वांगी नाहीत, वांगी नाहीत तर माजरी. आणि माजरीला गेल्यावर, तीन वेळा वाट चुकलेलं लेकरू कुणाच्या दारात येणार? मनकर्णानं दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी तिला मार्ग सुचला. आपणच खोदायचं. लोखंड लावायचं नाही. जे काही हाताला लागेल, केवढंसंही, ते माहेरच्या लुगड्याच्या धुवट तुकड्यात बांधायचं आणि उंबऱ्याखाली ठेवायचं. उंबरा म्हणजे आवारच. लेकरं अजून जवळ येतील, आणि कोपरा मोथ्याच्या हातून सुटेल. इतकं सोपं आपल्याला आधी का सुचलं नाही, याचं तिला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं.

मुखरू बांध्यांवर गेल्यावर तिनं आंघोळ केली, दगडांच्या पाया पडली, आणि ते एकेक करून सीताफळाच्या बुंध्याशी ठेवले. लाकडी खुंटीनं माती सैल करायची आणि हातांनी काढायची, असं तिनं सुरू केलं. वरची चार बोटं माती भुसभुशीत होती. तिच्यात मोथा होता, दोऱ्यांचं जाळंच्या जाळं. ती गाठी बाजूला टाकत होती आणि माती चिमटीत घेऊन, चोळून, मग टोपलीत टाकत होती. काही सुटू नये म्हणून.

चार बोटांच्या खाली तिची बोटं अडली.

तिनं जागा बदलली. दुसऱ्या दगडाच्या जागी उकरलं, तिसऱ्याच्या उकरलं. तिन्हीकडं तेच. वर चार बोटं उकरलेली माती, आणि खाली एकसंध, घट्ट, मुरमाला भिडलेली जुनी जमीन. खोदलेली माती वीस वर्षं गेली तरी पहिल्यासारखी बसत नाही. तिच्यात काळी-पिवळी सरमिसळ राहते, पोकळी राहते, बोटाला ती कळते. इथं सरमिसळ नव्हती. मोथ्याच्या दोऱ्यांनी वरून भोकं पाडली होती तेवढीच. ती तरी खोदत राहिली. नखं तुटली तेव्हा तिनं खुंटीनं खोदलं, खुंटी मोडली तेव्हा जाऊन सब्बल आणली. मांडीएवढा खड्डा झाला आणि पांढरा मुरूम लागला, तेव्हा ती थांबली.

मुखरू दुपारी आला तेव्हा ती खड्ड्याच्या कडेला बसली होती. धुवट फडकं मांडीवर घडीच्या घडीत होतं.

"इथी कोनी कधी खोदलंच नाई," ती म्हणाली.

मुखरू हळूहळू खाली बसला.

"सांगा."

"मायनं म्हटलं, आवारात नाई ठेवाचं," तो म्हणाला. "म्हने, आवारात ठेवलं तं पुढचं जगत नाई. नाल्यावर नेलं."

"तिघंई?"

"तिघंई."

"नाल्यावर कुठी?"

"वळनाच्या जांभळाखाली. तो जांभूळ गेला मांगच्या पुरात. काठच गेला तो पुरा."

मनकर्णा त्याच्याकडं बघत होती. "अन मले हे दगड?"

"तू तापात होती. इचारलं, वाडीतच ठेवलं ना? म्हटलं, हो. मंग तू उठून पाह्यशीन म्हनून माती उकरली थोडी. दुसऱ्या वक्ताले काय सांगू? पहिली वाडीत अन दुसरा नाल्यावर? लय डाव सांगतो म्हटलं. तू पानावर घास ठेवे, मी बांध्यायकडं पळो."

"गावाले ठाऊक होतं."

मुखरूनं मान खाली घातली. गावाला ठाऊक होतंच. पुरायला पुरुष गेले होते, आणि पुरुषांनी घरी सांगितलं होतं. सगळं गाव तिला उकळतं पाणी सांगत होतं, राख सांगत होतं, मीठ सांगत होतं, आणि हे एक सांगत नव्हतं.

"म्हंजे मी इतके वर्सं," मनकर्णा म्हणाली, "मोथ्याले राखलं."

ती रडली नाही. तिनं सब्बल पुन्हा उचलली आणि दिवस मावळेपर्यंत तो कोपरा बाकीच्या वाडीसारखाच दीड हात खोदून काढला. गाठी वेचल्या, टोपली भरली, पत्र्यावर पसरली. तीन दगड कुडाबाहेर टाकून दिले. काम चोख केलं. हाताला दुसरं येतच नव्हतं.

सकाळी मुखरू वाडीत फिरून आला. कुठंही हिरवं टोक नव्हतं. तो पडवीत येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आता साफ झाली. रोपं लावून टाक. माजरी-फाजरी काई नाई आता."

मनकर्णा भांडी बांधत होती. "चाला माजरीले," ती म्हणाली. "इथी राहून कोनाची वाट पाहू?"

मिरगाच्या आधीच ते गेले. बांध्या ठोक्यानं कसायला दिल्या, वाडी भागीरथाला नुसतीच दिली. माजरीला खोलीपुढं जरा जागा होती; शेजारणींनी तिथं मिरच्या, वाल लावले होते. मनकर्णानं आपल्यापुरत्या जागेत कधी काही लावलं नाही. रोज सकाळी ती कोळशाची काजळी झाडायची आणि त्याबरोबर उगवलेलं एकूण एक गवत, बी-रोप काय असेल ते, नखानं काढून टाकायची. तिला पुढं लेकरू झालं नाही. मुखरूशी ती वाईट वागली नाही. पाणी द्यायची, डबा द्यायची, तापात उशाशी बसायची. आठ-आठ दिवस न बोलणं आता तिच्याकडं आलं होतं.

भागीरथानं वाडीत वांगी लावली. दुसऱ्या वर्षी पत्रू गावाकडं गेला होता, त्याच्याजवळ तिनं टोपलीभर धाडली. जांभळी, तुकतुकीत, मुठीत न मावणारी. मनकर्णानं ती धुतली, चिरली, तेलात परतली आणि मुखरूच्या ताटात वाढली. त्यानं तिच्याकडं पाहिलं.

"कोपऱ्यातली हायेत," ती म्हणाली. "सीताफळाखाली लय मोठी आली म्हने. खा."

मुखरूनं घास उचलला. तो ताट संपवीपर्यंत ती समोर बसून राहिली.